घास घशाखाली उतरताना



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा मालेच्या चिटणीसांनी मोठ्या संकोचाने मला विचारले, "सर, मथळ्यात 'गिळणे' हा शब्द ठेवलाच पाहिजे का?" त्यांची अडचण मला समजली. आपल्या भाषेत माणूस जेवतो, फराळ करतो, अन्न घेतो. गिळणे हे मात्र रागाचे क्रियापद आहे. पोरगा रात्री उशिरा घरी आला की आई ताट आदळते आणि म्हणते, "गिळ आता." माणूस अपमान गिळतो, आवंढा गिळतो, भावाची जमीन गिळतो, बाकी गिळण्याचे काम आपण अजगराकडे सोपविले आहे. चवीसाठी आपल्याकडे किती शब्द आहेत! पण घास जिभेवरून पुढे गेला की भाषा गप्प होते, कारण तो आपोआप खाली उतरतो अशी आपली समजूत असते. ती समजूत मोडल्यावर एका घरात काय झाले आणि त्या निमित्ताने जगातल्या लोकांनी यावर काय काय केले आहे, ते आज सांगावयाचे आहे.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. एकतीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले. तेव्हा मजकडून औषधाची चिठ्ठी कोणी अपेक्षू नये. आणि घरी कोणी आजारी असेल तर आज ऐकलेले लगेच त्याच्यावर करून पाहू नये. तपासणी करणाऱ्या जाणत्या माणसाला आधी गाठावे.

आता एक करा. आपले बोट गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर हलकेच ठेवा आणि आवंढा गिळा. उंचवटा वर सरकला आणि पुन्हा खाली आला ना? त्या सेकंदभरात फार मोठे काम उरकले. आपल्या घशात हवेचा रस्ता आणि अन्नाचा रस्ता एकमेकांना छेदतात. रस्ता आणि लोहमार्ग छेदतात तिथे फाटक असते, तसे इथेही आहे. घास जवळ आला की श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, स्वरतंतू मिटतात, वर झाकण पडते, मागची अन्ननलिका उघडते आणि घास तिच्यात लोटला जातो. लगेच फाटक उघडून श्वासाची गाडी सुरू. पंचवीसतीस स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच मज्जातंतूंच्या जोड्या यात भाग घेतात. दिवसात काही शे वेळा हे घडते आणि फाटकवाल्याची आपल्याला आठवणही होत नाही.

फाटकवाल्याला डुलकी लागली की काय होते? साधा ठसका लागतो. ठसका ही वाईट गोष्ट नव्हे, तो पहारेकरी आहे. ठसका न लागणे ही वाईट गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळले.

२०१६ सालच्या पावसाळ्यात माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा अडखळू लागली. पण दहा दिवसांत ती घरी आली. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर औषधांच्या खाली एक ओळ होती : मऊ व पातळ आहार द्यावा. मी तो कागद स्वयंपाकघरात डकविला. आता 'मऊ' म्हणजे काय? सूनबाईंनी त्याचा अर्थ गुरगुट्या भात असा केला. शेजारच्या काकूंनी दुधात कुस्करलेली पोळी आणून दिली. माझ्या बहिणीच्या मते साबुदाण्याच्या खिरीसारखे पचायला हलके दुसरे काही नाही. आणि पातळ म्हणजे पाणी, चहा, ताक, मोसंब्याचा रस, हे तर मी स्वतःच पाजीत होतो. अंथरुणावर आडवी असताना, मान मागे कलती करून, चमच्याचमच्याने. मोठ्या प्रेमाने पाजीत होतो. तिला ठसका लागत नव्हता, त्यामुळे सगळे ठीक चालले आहे अशी माझी खात्री होती. बाराव्या दिवशी तिला ताप भरला, आणि दुसऱ्या एका रुग्णालयात फुप्फुसाचे चित्र काढले तेव्हा उजव्या बाजूला खाली न्यूमोनिया निघाला.

तिथे एक तपासणी झाली. बेरियम मिसळलेले पाणी आणि खिरीसारखा पदार्थ तिला थोडाथोडा देऊन, ती गिळत असता क्ष-किरणांचे हलते चित्र घेतले. पडद्यावर पाणी काळ्या धारेसारखे दिसत होते. फाटक पडण्याच्या आधीच ती धार घशात उतरली, आणि अर्धी अन्ननलिकेकडे न जाता श्वासनलिकेत गेली. पत्नी शांतपणे बसलेली. खोकला नाही, काही नाही. शेजारी उभ्या असलेल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "सर, हा मूक शिरकाव. यांचा पहारेकरीच झोपला आहे." एकतीस वर्षे मी द्रवांचे प्रवाह फळ्यावर काढीत आलो होतो. तो प्रवाह पाहून मला पुढे बराच वेळ काही बोलता आले नाही.

ही तपासणी ज्यांच्यामुळे जगभर रूढ झाली त्या जेरी लोगमन यांचे नाव इथे घेतले पाहिजे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्या प्राध्यापिका होत्या. १९८३ साली त्यांचे गिळण्याच्या विकारांवरचे पुस्तक निघाले आणि हा विषय एक स्वतंत्र शास्त्र म्हणून उभा राहिला. २०१४ साली त्या वारल्या. सुसान लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दुसरी रीत प्रसिद्ध केली, ती म्हणजे नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून घसा वरून पाहण्याची. या दोन्हींमुळे फाटक कुठे बिघडले आहे हे डोळ्यांनी दिसू लागले. आणि एक गोष्ट वारंवार दिसली : ज्यांचे फाटक उशिरा पडते त्यांना पाणी सगळ्यांत धोक्याचे. पाणी धावते. तेच पाणी जरा दाट केले की सावकाश येते, आणि मंदावलेल्या स्नायूंना तेवढा अवधी मिळतो. आपल्या घरी उलटी समजूत असते, की आजाऱ्याला पातळ द्यावे, ते सहज उतरते. उतरते खरे, कुठे उतरते हा प्रश्न आहे.

दाट करा म्हणणे सोपे आहे. पण किती दाट? इथे माझ्यातला मास्तर जागा झाला.

अमेरिकेत २००२ साली आहारतज्ज्ञांच्या संस्थेने पेयांचे वर्ग ठरविले होते. पाण्यासारखे पातळ, फळांच्या गरासारखे, मधासारखे आणि चमच्याने खाण्याजोगे. त्याला सेंटिपॉइजचे आकडेही दिले होते : मधासारखे म्हणजे ३५१ ते १७५०. आकडा पाहून मला प्रथम आनंद झाला. मग लक्षात आले की त्याच वर्गाच्या खालच्या टोकाचे पेय आणि वरच्या टोकाचे पेय यांत पाचपट फरक आहे. शिवाय मध कुठला, पौषातला की वैशाखातला? आणि सेंटिपॉइज मोजणारे यंत्र कोणत्या स्वयंपाकघरात असते? त्यात आणखी एक गुंता. पाण्याची दाटी ढवळल्याने बदलत नाही. पण पिठले, लापशी, दही हे पदार्थ ढवळले की सैल होतात, ठेवले की घट्ट होतात. अशा पदार्थाला एकच आकडा लावणे म्हणजे धावत्या मुलाची उंची मोजण्यासारखे आहे. तिकडे ब्रिटनमध्ये दाटीच्या पायऱ्यांना वेगळे क्रमांक होते आणि ऑस्ट्रेलियात १५०, ४०० व ९०० असे वेगळेच. एका देशाचे पुस्तक वाचून दुसऱ्या देशात रोग्याला पाजावे तर घोटाळा. देशांचे राहू द्या, एकाच रुग्णालयात दिवसपाळीच्या परिचारिकेचे 'दाट' आणि रातपाळीच्या परिचारिकेचे 'दाट' वेगळे असे. माझ्या स्वयंपाकघरात 'मऊ' या एका शब्दाचे तीन अर्थ झाले होते, तेच जगभर चालू होते. एवढे कळल्यावर मला थोडा दिलासा मिळाला, आणि रागही आला.

२०१३ साली निरनिराळ्या देशांतील आहारतज्ज्ञ, डॉक्टर, वाचा-उपचारक आणि अभियंते यांनी एकत्र येऊन एक मंडळ काढले. नाव लांबलचक आहे : इंटरनॅशनल डिस्फेजिया डाएट स्टँडर्डायझेशन इनिशिएटिव्ह. लोक त्याला 'इड्सी' म्हणतात, आपणही तसेच म्हणू. २०१५ च्या अखेरीस त्यांनी आपला आराखडा जाहीर केला. शून्य ते सात अशा आठ पायऱ्या. शून्यापासून चारपर्यंत पेये, तीनपासून सातपर्यंत खाद्ये. तीन आणि चार या पायऱ्या दोघांना सामाईक, कारण तिथे पिणे आणि खाणे यांतली सीमाच पुसट होते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने २०१९ साली हे माप स्वीकारले आणि अमेरिकेतही जुनी पद्धत मागे पडली.

पण मला भुरळ घातली ती त्यांच्या मोजमापाने. हे पाहा, साधी दहा मिलिलिटरची इंजेक्शनची नळी, सुई नसलेली. औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते. मात्र शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर हवी, कारण सगळ्या कंपन्यांच्या नळ्या सारख्या नसतात. दट्ट्या काढून टाकावयाचा, खालच्या तोंडाला बोट लावावयाचे, दहाच्या खुणेपर्यंत पेय भरावयाचे आणि बोट काढून दहा सेकंद मोजावयाचे. मग पुन्हा बोट लावून नळीत उरले किती ते पाहावयाचे. एक मिलिलिटरही उरले नाही तर पायरी शून्य. एक ते चार उरले तर पहिली, चार ते आठ उरले तर दुसरी, आठाच्या वर उरले पण थोडे तरी वाहिले तर तिसरी. काहीच वाहिले नाही तर चौथी, आणि ती नळीने नव्हे, चमच्याने तपासावयाची. यंत्र नाही, वीज नाही, सेंटिपॉइज नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांना यापेक्षा कितीतरी खर्चिक आणि कमी उपयोगाचे प्रयोग करावयास लावले आहेत.

चमच्याची परीक्षा अशी. पदार्थ चमच्यावर आकार धरून राहिला पाहिजे, आणि चमचा वाकडा करून हलकेच झटकला की सगळा गोळा एकदम पडला पाहिजे. चमच्याला चिकटून बसेल ते घशालाही चिकटून बसेल. आमच्या घरचे श्रीखंड या परीक्षेत पहिल्या वर्गात उतरले, फक्त चारोळ्या आणि वेलदोड्याची टरफले काढावी लागली. घोटलेला बटाटा नापास झाला. थोडे गरम दूध आणि तूप घालून पुन्हा घोटला तेव्हा पास.

पाचवी पायरी बारीक आणि ओलसर अन्नाची. तुकडा मोठ्या माणसासाठी चार मिलिमीटरपेक्षा मोठा नको. जेवणाच्या काट्याच्या दोन दात्यांमध्ये एवढेच अंतर असते, म्हणून काटा हीच मापपट्टी. सहावी पायरी मऊ आणि एका घासाच्या तुकड्यांची : दीड सेंटिमीटर, म्हणजे काट्याची रुंदी. तुकड्यावर काटा अंगठ्याने दाबावयाचा, नख पांढरे पडेपर्यंत. तेवढ्या दाबात तुकडा चिरडला आणि दाब काढल्यावर पुन्हा फुगला नाही, तर तो जिभेलाही चिरडता येईल. मुलांसाठी ही मापे सुमारे निम्मी आहेत. सातवी पायरी आपले रोजचे जेवण, आणि त्यातच चावायला सोपे असे एक पोटकलम.

या काट्याने आणि नळीने आमच्या घरातल्या तीन हितचिंतकांचा निकाल काय लागला ते ऐका. दुधात कुस्करलेली पोळी दिसायला मऊ; पण तिच्यात चिवट तुकडा आणि मोकळे दूध अशा दोन वस्तू आहेत. जीभ तुकड्याशी झगडत असते आणि दूध पुढे धावत सुटते. साबुदाण्याच्या खिरीचे तेच, दूध वेगळे, दाणे वेगळे, आणि दाणे निसरडे. गुरगुट्या भात तिघांत बरा, पण थंड झाला की त्याचा गोळा होतो. एका घासात दोन प्रकृती नकोत, हे इड्सीच्या पुस्तकातले सूत्र कोणी मला त्या पहिल्या बारा दिवसांत सांगितले असते तर! कुरमुरे, कोरडे पोहे, भाकरीचा पापुद्रा, रव्याचा सुका लाडू हे पदार्थ तोंडात विखुरतात. उकडीची पारी चिकटते. उलट पिठले, मुगाचे कढण, नाचणीचे आंबील, दुधी भोपळ्याचा मऊ हलवा यांतून आपल्याला हवी ती पायरी सहज गाठता येते. आपल्या स्वयंपाकात या माणसांसाठी भांडार भरलेले आहे. मोजण्याची सवय तेवढी नाही.

पेजेने मात्र मला चकविले. ताजी पेज नळीत धरली तर पाच मिलिलिटर उरे, म्हणजे दुसरी पायरी, अगदी हवी तशी. पण पत्नीला वाटीने भरवीत असता शेवटी शेवटी ती पाण्यासारखी होऊन जाई. थंड होऊन घट्ट व्हावी ती पातळ कशी होते? चार दिवस मी डोके खाजवीत होतो. सूनबाईंनी सहज सांगितले, "बाबा, तुम्ही उष्टा चमचा पुन्हा वाटीत घालता." लाळेत पिष्ट तोडणारे द्रव्य असते, चमच्यावरून ते वाटीत जात होते आणि पेजेची दाटी खात होते. म्हणूनच बाजारात मिळणाऱ्या दाटी आणणाऱ्या पुडींत पिष्टाऐवजी झँथन गम वापरलेली असेल तर ती अधिक भरवशाची, कारण लाळ तिला तोडू शकत नाही. ही गम एक सूक्ष्म जंतू तयार करतो, आणि तो जंतू मुळात कोबीच्या जातीच्या भाज्यांवर रोग आणणारा आहे. कुणाचा काय उपयोग होईल सांगता येत नाही.

आता थोडे जपानकडे वळू, कारण या बाबतीत तो देश फार पुढे गेला आहे. नववर्षाला तिथे मोची नावाचा तांदळाचा चिकट गोळा खाण्याची चाल आहे. दरवर्षी तो म्हाताऱ्यांच्या घशात अडकतो, आणि टोकियोचे अग्निशामक दल दरवर्षी बारीक तुकडे करून खा म्हणून बजावते. २०११ साली न्यूमोनिया हे त्या देशातील मृत्यूचे तिसरे मोठे कारण झाले होते, आणि अन्न वा लाळ फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया तिथे २०१७ पासून वेगळा मोजला जातो. तिथल्या खाद्य-कारखानदारांनी २००२ साली एक परिषद स्थापून पाकिटांवर छापावयाच्या चार पायऱ्या ठरविल्या. त्यांची नावे मला इड्सीच्या आकड्यांपेक्षाही आवडतात : सहज चावता येणारे, हिरड्यांनी चिरडता येणारे, जिभेने चिरडता येणारे, आणि चावावे न लागणारे. माणसापाशी काय उरले आहे तेवढेच त्यात विचारले आहे. दात गेले? हिरड्या आहेत. हिरड्यांत जोर नाही? जीभ आहे.

आणि तिथे एका गोष्टीचा विचार झाला, जो आपण करीत नाही. मिक्सरमधून काढलेल्या अन्नाकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? भाजी, वरण, भात सगळे एका रंगाचे. समोर काय ठेवले आहे ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणून खावेसे वाटत नाही. हिरोशिमा प्रांताच्या खाद्य-संशोधन केंद्राने अशी रीत काढली की अन्न गोठवून, निर्वाताच्या साहाय्याने त्यात मऊ करणारी द्रव्ये शिरवावयाची. गाजर गाजरासारखे दिसते, मासा माशासारखा, आणि जिभेने दाबला की विरतो. पॅनासॉनिकमधून निघालेल्या गिफ्मो या छोट्या कंपनीने घरच्या ओट्यावर ठेवण्याजोगे, वाफेच्या दाबाने अन्नाचा आकार राखून ते मऊ करणारे भांडे विकावयास आणले. जर्मनीत बायोझून नावाच्या कंपनीने घोटलेले अन्न छापणाऱ्या यंत्राने पुन्हा मूळ आकारात उभे करण्याच्या युरोपीय प्रकल्पात भाग घेतला. आमच्याकडे यांतले काही नव्हते. सूनबाईंनी घोटलेला वाटाणा मोदकाच्या साच्यात घालून पानात वाढला. पत्नी डाव्या हाताने त्याला शिवली आणि झटक्यानंतर प्रथमच हसली.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की नळी आणली, पुडी घातली, प्रश्न सुटला. मलाही तसेच वाटले होते. पण माझ्या पत्नीला चहा हवा होता. पुडी घातलेला, चमच्यावरून लोंबणारा चहा तिने तोंडात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि बाहेर टाकला. पुन्हा दिला, पुन्हा टाकला. चार महिने ती पुरेसे पाणी प्याली नाही. ओठ सुकले, लघवीचा त्रास सुरू झाला. फुप्फुसात जाईल म्हणून मी देत नव्हतो, आणि ती माझ्यासमोर वाळत होती.

तेव्हा मी वाचू लागलो. २००८ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या ५१५ रोग्यांना दोन वाटा दिल्या : काहींना दाट केलेली पेये, काहींना पातळच पेय, पण हनुवटी छातीकडे वाकवून. तीन महिन्यांत न्यूमोनिया किती जणांना झाला यात दोन्ही गटांत ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. उलट अंगातले पाणी कमी होणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप हे दाट पेयवाल्यांत जास्त. म्हणजे दाट पेयाने शिरकाव कमी होतो हे क्ष-किरणात दिसते. पण न्यूमोनिया टळतोच असे म्हणता येत नाही. ज्या उपायावर सगळ्या जगाची भिस्त आहे त्याचा पाया इतका डळमळीत आहे, हे श्रोत्यांपासून लपवून ठेवणे मला प्रामाणिक वाटत नाही. मोजमाप एकसारखे झाले म्हणून औषध गुणकारी ठरत नाही.

मग न्यूमोनिया करते कोण? पाणी एकटे नव्हे, पाण्याबरोबर जाणारे तोंडातले जंतू. जपानमध्ये अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक प्रयोग झाला आणि त्याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. एका गटाचे दात, हिरड्या, जीभ परिचारिका रोज जेवणानंतर घासून देत. दुसऱ्या गटाचे चालत आले तसे. न्यूमोनिया दुसऱ्या गटात शंभरी १९ जणांना झाला, पहिल्यात ११ जणांना. केवळ ब्रश! ज्याला स्वतः गिळता येत नाही त्याचे तोंड धुण्याकडे आपण दुर्लक्ष करतो, कारण तो खातच नाही असे आपल्याला वाटते. आमच्याकडेही झटक्यानंतर पंधरा दिवस तिचे दात कोणी घासले नव्हते.

अमेरिकेतील लुइव्हिल येथे फ्रेझर नावाची पुनर्वसन संस्था आहे. तिथे १९८४ पासून एक रिवाज आहे : अशा रोग्याला जेवणाबरोबर नव्हे, पण दोन जेवणांच्या मध्ये, तोंड स्वच्छ केल्यावर, साधे पाणी पिऊ द्यावयाचे. स्वच्छ पाणी थोडेसे फुप्फुसात गेले तरी शरीर ते शोषून घेते. हा रिवाज सगळ्यांना लागू नाही, रोगी निवडूनच घ्यावे लागतात. मी उपचारक बाईंना तो दाखविला. त्यांनी पुन्हा क्ष-किरण तपासणी करविली. हनुवटी खाली घेतली की तिचे फाटक जरा वेळेवर पडत होते. मग ठरले : खुर्चीत ताठ बसून, तोंड घासून, हनुवटी वाकवून, लहान घोटांनी, दिवसातून तीनदा पाणी. चहा मात्र पाणी नव्हे, त्यात दूध आणि साखर, म्हणून चहाला परवानगी मिळाली नाही.

तो निर्णय मी मोडला. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, अर्धी वाटी. डॉक्टरांना सांगून मोडला, ते म्हणाले, "धोका तुम्ही आणि त्यांनी मिळून घ्यावयाचा आहे." तिला विचारले. तिने मान हलवली. मी केले ते बरोबर होते असे मी इथे उभा राहून सांगणार नाही. २०१९ साली ती गेली, ती हृदयविकाराने. मधल्या अडीच वर्षांत न्यूमोनिया एकदा झाला आणि बरा झाला. तो रविवारच्या चहाने झाला की नाही हे मला कधीच कळणार नाही.

व्यायामांविषयी थोडक्यात. घशाचे स्नायूही हातापायांच्या स्नायूंसारखे कसरतीने सुधारतात. उताणे निजून खांदे न उचलता डोके उचलून पायांच्या बोटांकडे पाहावयाचे, हा शेकर यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला व्यायाम. अन्ननलिकेचे दार त्याने अधिक उघडते. जिभेचे टोक दातांत धरून आवंढा गिळावयाचा हा दुसरा, त्याला 'मासाको' हे एका जपानी संशोधिकेचे नाव मिळाले आहे. गळ्याला पट्टी लावून स्नायूंचे काम पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखविणारी यंत्रेही आली आहेत. रोगी आपली रेषा उंच नेण्याची खटपट करतो; मुले ज्या ईर्ष्येने खेळ खेळतात तशी. विजेच्या सौम्य धक्क्यांनी घशाला जागविण्याच्या यंत्रांबद्दल जाहिराती पुष्कळ, पुरावा मिश्र. घशाच्या आतून दिलेल्या धक्क्यांचा एका चाचणीत २०१६ साली काही उपयोग दिसला नाही. पण २०१८ साली दुसऱ्या चाचणीत, गळ्याला छिद्र पाडून नळी बसविलेल्या झटक्याच्या रोग्यांत, उपचार घेतलेल्या ३५ पैकी १७ जणांची नळी काढण्याची तयारी झाली. नुसता दिखाऊ उपचार मिळालेल्या ३४ पैकी फक्त तिघांची. म्हणजे यंत्र कुणासाठी हा प्रश्न यंत्राइतकाच महत्त्वाचा.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ म्हाताऱ्यांचा नाही. तंबाखू आणि सुपारीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाने आपल्या राज्यातले किती कर्ते पुरुष चाळिशीत जिभेचा किंवा जबड्याचा भाग गमावून बसतात! मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशा माणसांना पुन्हा गिळावयास शिकविणारा विभाग आहे. वांद्र्याला अली यावर जंग संस्था वाचा-उपचारक तयार करते. पण तालुक्याच्या गावी झटका आलेल्या माणसाला असा उपचारक भेटणे अजून दैवावर आहे. आणि काही सवयी घातक आहेत, त्या तरी उद्यापासून सुटाव्यात. ठसका लागला की "वर बघ" म्हणून डोक्यावर थापटणे. भांडे ओठांना न लावता वरून पाण्याची धार तोंडात सोडणे. धडधाकट माणसाचे त्यात फारसे बिघडत नाही. पण ज्याचे फाटक मंद आहे त्याची मान मागे नेणे म्हणजे गाडी येत असता फाटक हाताने उघडणे आहे. निजलेल्या आजाऱ्याला पाणी पाजणेही तसेच.

अध्यक्षमहाराजांनी मघाशी विचारले की या टेबलावर झाकून ठेवलेल्या पाच वाट्या कसल्या. पहिलीत साधे पाणी आहे, पुढच्या चारांत तेच पाणी पुडी घालून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर आणलेले. नळी आणि घड्याळ शेजारी आहे. सहाव्या वाटीत दुसऱ्या पायरीवरचा चहा आहे, साखरेचा. ज्यांना इच्छा असेल त्यांनी पुढे येऊन तो चाखावा. चमचे पुरेसे आणले आहेत. कृपा करून उष्टा चमचा पुन्हा वाटीत घालू नये.